मेंदूविज्ञानात पीएचडी: फेलोशिप कुणाच्या नावावर?

गाइडला पहिली मेल टाकण्याआधी एवढं नक्की करा, की पैसे तुमच्या नावावर येणार आहेत की गाइडच्या प्रोजेक्टवर. रक्कम दोन्हीकडे बहुधा सारखीच असते, पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये. त्यामुळे फरक पटकन लक्षात येत नाही. पण प्रोजेक्ट साधारण तीन वर्षांचा असतो आणि तो संपला की पगारही संपतो. सीएसआयआर-यूजीसी, डीबीटी किंवा आयसीएमआर या केंद्र सरकारच्या संस्थांची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मात्र तुमची स्वतःची असते आणि पाच वर्षांपर्यंत चालते. नुसती नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) निघाली म्हणून हुरळून जाऊ नका. निकालात 'फक्त पीएचडी प्रवेश' अशी पात्रता आली असेल, तर तिच्यावर एक रुपयाही मिळत नाही.

आमच्या विषयात पाच वर्षंही अपुरी पडतात, कारण प्राणी त्यांच्या वेगानेच वाढतात. उंदरीण साधारण तीन आठवडे गाभण असते, आणि पिल्लं वयात यायला आणखी सहा ते आठ आठवडे जातात. हवा तो जनुकबदल असलेला उंदीर मिळवायला दोन पिढ्या लागल्या, तर पाच महिने गेलेच समजा. त्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी. उंदीर किती आणि तेवढेच का, भूल कोणती, वेदना कमी कशी करणार, यातलं काही अर्जात मोघम राहिलं की तो परत येतो आणि पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागते. म्हणून हा अर्ज रुजू झाल्याझाल्या लिहायला घ्या. फळमाशीवर काम करणाऱ्यांना ही मंजुरी लागत नाही. विषय निवडताना हाही हिशेब जरूर धरा.

दोन वर्षांनी एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे 42,000चा टप्पा) आपोआप होत नाही. मूल्यमापन समिती बसावी लागते आणि तिच्यात बाहेरचा तज्ज्ञ लागतो. त्याची तारीख मिळेपर्यंत हातात 37,000च येतात, म्हणून बाविसाव्या महिन्यातच तारीख मागून ठेवा. पुण्यात घरभाडे भत्ता फेलोशिपच्या 30 टक्के, म्हणजे सुरुवातीला 11,100 रुपये. हॉस्टेलवर राहिलात तर तो मिळत नाही. सीएसआयआरचा आकस्मिक निधी वर्षाला 20,000 आहे. एखाददुसऱ्या अँटीबॉडीतच (ठरावीक प्रथिन ओळखणारं महागडं रसायन) तो संपतो, तेव्हा रसायनांचा खर्च लॅब उचलणार का, हे आधीच विचारा.

जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गासाठी आहेत. त्यांना विद्यापीठाची पीएचडी नोंदणी लागते आणि जाहिरात ठरलेल्या तारखेला येत नाही. नोंदणीचं पत्र, जात प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर आजच काढून ठेवा. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत.

अमेरिकेचा विचार असेल, तर तिथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या टी32 आणि एफ31 या पीएचडीसाठीच्या मोठ्या योजना नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरत्याच आहेत. आपल्या मुलांना विद्यापीठाच्या किंवा गाइडच्या ग्रँटवर अवलंबून राहावं लागतं, म्हणून तिथे परदेशी जागा मोजक्या असतात. अर्जाची फी भरण्याआधी प्रोग्रॅमच्या कोऑर्डिनेटरला दोन ओळींत विचारा: सध्या किती परदेशी विद्यार्थी आहेत, आणि त्यांचा चौथ्या-पाचव्या वर्षाचा पगार कुठून येतो?