शेअर रिक्षानं बुद्ध लेणीला

आईला संभाजीनगरच्या बुद्ध लेणीवर वंदनेला जायचं होतं आणि जालन्याहून गाडी करून जाणं आम्हाला परवडणारं नव्हतं. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं संभाजीनगर गाठायची काळजी नव्हती. डोकं चालवायचं ते त्यापुढं.

मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर आलं की रिक्षावाले घेरतात. तिथं ‘लेणी’ हा शब्द काढायचाच नाही. काढला की तुम्ही पाहुणे ठरता, भाव स्पेशलचा, म्हणजे अख्ख्या रिक्षाचा होतो आणि वर बीबी का मकबरा, पाणचक्की फिरवून आणायची गळ पडते. शेअर रिक्षा रोज जाणाऱ्या माणसांच्या वाटेनं धावते: घाटी दवाखाना, मकाई गेट, बेगमपुरा, विद्यापीठ. लेणीवर रोज कोण जातं? म्हणून मी नुसतं ‘बेगमपुरा’ म्हटलं. रिक्षावाल्या चाचांनी मानेनंच मागं बसायला सांगितलं.

मागं आम्ही दोघी आणि घाटीत पेशंटसाठी डबा नेणारी एक बाई. डबा फडक्यात बांधून मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. तरी चाचांना अजून एक शीट हवंच होतं. “थोडा सरको अम्मा.” आई म्हणाली, “आता कुठं सरकू, बाहेर?” पण सरकली. भडकल गेटला बाबासाहेबांचा पुतळा दिसताच तिनं चालत्या रिक्षातून हात जोडले. घाटीला बरीच माणसं उतरली, मग कुठं पाय मोकळे झाले.

मकबरा बेगमपुऱ्यातच आहे, त्याच्या मागून लेणी दोनेक किलोमीटर, आणि रस्ता चढाचा. धडधाकट माणसानं सकाळच्या उन्हाआधी चालत जावं, मजा येते. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. विजयादशमीला, बुद्ध पौर्णिमेला इथं माणसांची रीघ असते, एरवी वर परतीची शेअर रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नये. त्याच चाचांशी जाऊन-येऊन आणि थांबायचं मिळून ठरवलं. थांबण्याचे पैसे जिवावर येतात खरे, पण मी म्हणेन द्यावेत.

पायथ्याच्या विहारात त्रिशरण-पंचशील झालं, मग तिकीट आणि पायऱ्या. आई दर थोड्या पायऱ्यांनी “हवा छान आहे” म्हणून थांबायची. मी पण ‘हो’ म्हणायचे. पश्चिमेकडं 1 ते 5 आणि पूर्वेकडं 6 ते 9 असे लेण्यांचे दोन मुख्य गट आहेत, मधे बरंच अंतर. सगळं बघणं होणार नव्हतं, म्हणून तिसरं आणि सातवं निवडलं. दोन्ही साधारण पाचव्या ते सातव्या शतकांदरम्यानची.

तिसऱ्या लेण्यात, गाभाऱ्यात पाय खाली सोडून बसलेल्या बुद्धांसमोर दोन्ही बाजूंना उपासक गुडघे टेकून बसलेत, जवळजवळ माणसाएवढे. प्रत्येकाची केशरचना वेगळी, कुणाच्या हातात हार. आई त्यांच्याच रांगेला बसली आणि वंदना म्हणाली. उठवायला मात्र मला हात द्यावा लागला.

सातव्याच्या ओसरीत संकटातून सोडवणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलीत. आग, चोर, साप, हत्ती, सिंह... आई एकेक ओळखत गेली. बुडणाऱ्या नावेपाशी अडली. “इथं कुठला आलाय समुद्र?” मी सांगितलं, लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी असायचे, त्यांचा माल जहाजांनी जायचा. “मग बरोबर,” म्हणाली, “ज्याला जिथली भीती.”

खाली आलो तर चाचा मागच्या शीटवर पाय दुमडून झोपलेले. निघालो, आणि बेगमपुऱ्याच्या अलीकडं त्यांनी हात दाखवणारी विद्यापीठातली दोन पोरं पुढं घेतली. म्हणजे आमची स्पेशल परत शेअर झाली! आईनं लगेच धरलं, “मग आमचं भाडं कमी करा.” चाचा हसले, पैसे काही कमी केले नाहीत, पण बेगमपुऱ्यात न सोडता थेट बसस्थानकापर्यंत आणून घातलं.