आडोशातला आरोकेरिया
आरोकेरिया कुंडीत गुडघ्याएवढा असतानाच माणसाला मोहात पाडतो. फांद्यांचे मजले इतक्या शिस्तीत एकावर एक चढलेले असतात की हेच झाड आपल्या मूळच्या, प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावर ५० मीटरांहून उंच जाते, हे ऐकूनही कोणी मनावर घेत नाही आणि रोप बागेतल्या भिंतीलगतच्या एखाद्या कोपऱ्यात लागते. कॅप्टन जेम्स कुक १७७४ साली त्या बेटावर उतरला, तेव्हा ती सरळसोट खोडे पाहून त्याच्या डोळ्यांसमोर जहाजांच्या डोलकाठ्या उभ्या राहिल्या होत्या. पुढे ते लाकूड त्या कामाला पुरेसे चिवट ठरले नाही. झाडांच्या दृष्टीने बरेच झाले.

आडोसा त्याला हवा तो मुख्यतः गोठवणाऱ्या थंडीपासून. समुद्रावरचा खारा वारा हे झाड सहज पचवते, त्यामुळे वाऱ्याची फार धास्ती बाळगू नये. खरी चिंता उजेडाची: भिंतीला खेटून लावलेल्या झाडाच्या त्या बाजूच्या फांद्या वाळत जातात, आणि वाळून गेलेल्या फांदीच्या जागी नवी फुटण्याची आशा जवळजवळ नसते.

शेंडा एकदा वाकून पाहावा. मधोमध एकच कोंब, त्याच्याभोवती चांदणीसारख्या पसरलेल्या, बहुधा पाच, पोपटी फांद्या; त्यांवरच्या आत वळलेल्या सुया बोटाला टोचत नाहीत, मऊच लागतात. साऱ्या उंचीची भिस्त या कोंबावर असते. बाजूच्या फांदीचे छाटकलम लावले तर ते मुळे धरते, पण सरळ उभे राहत नाही. आपण फांदी आहोत हे जणू त्याला विसरताच येत नाही, आणि ते आडवेच वाढत राहते. म्हणून रोप बियांपासून केलेलेच घ्यावे. कुंडी दाट दिसावी यासाठी तिच्यात तीन-चार रोपे एकत्र लावलेली असतात, त्यांतले एकच जमिनीत जावे.

उंची आवरण्यासाठी शेंडा छाटण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, कारण ज्या डौलासाठी हे झाड लावायचे, तोच त्या एका घावात जातो. ज्यांच्या बागेत घरापासून आणि विजेच्या तारांपासून दूर अशी मोकळी जागा नाही, त्यांनी आरोकेरिया कुंडीतच ठेवावा आणि कुंडी अधूनमधून थोडी फिरवावी, म्हणजे तो उजेडाकडे कलणार नाही.