मीठ मागणारे तात्या आणि सकाळी आठचं रक्त

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. खानापूर तालुक्यातलं गाव, वय 58. माणूस गोडाचा, बेळगावहून येणाऱ्याने कुंदा आणला नाही तर रुसणारा. तेच तात्या वर्षभरात लोणच्याचा खार वाटीने पिऊ लागले, भातावर खडेमीठ चुरडून घेऊ लागले. बीपी वाढेल म्हणून घरात सगळे ओरडायचे. मोजलं तर 90/60, आणि उठून उभे राहिले की आणखी खाली. वजन 57 वरून 48 किलो. रंग काळवंडला, तो उन्हावर ढकलला.

उन्हाने तळहाताच्या रेषा काळ्या पडत नाहीत, हे नंतर कळलं. तात्यांच्या रेषा शाईने आखल्यासारख्या होत्या. बोटांचे सांधे काळे, गालाच्या आत निळसर डाग, विळ्याचा नवा व्रणही काळा पडलेला. आपल्याकडे हिरड्या मुळातच काळपट असू शकतात, तेव्हा नुसत्या हिरड्यांवर जाऊ नका. आम्ही सख्ख्या भावाचा तळहात शेजारी धरला, तेव्हा फरक उघड दिसला.

हा ॲडिसनचा आजार. थॉमस ॲडिसन यांनी 1855 साली त्याचं वर्णन केलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसोल हे हार्मोन बनवतात. क्षयाचे जंतू रक्तातून तिथं पोचले की त्या हळूहळू पोखरल्या जातात. नव्वद टक्क्यांच्या आसपास नासल्याशिवाय लक्षणं दिसत नाहीत, म्हणून फुफ्फुसाचा टीबी 'बरा' होऊन बरीच वर्षं गेल्यावर हे उपटतं. तात्यांनी तरुणपणी टीबीच्या गोळ्या चार महिन्यांत सोडल्या होत्या. कॉर्टिसोल कमी पडलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी या ग्रंथींना जागवणाऱ्या एसीटीएच हार्मोनचा मारा वाढवते, आणि त्यानेच कातडी काळी होते. त्याच ग्रंथींच्या दुसऱ्या हार्मोनअभावी लघवीवाटे मीठ वाहून जातं, म्हणून ती मिठाची हाव.

आमचा पहिला घोटाळा थायरॉइडचा. एका दवाखान्यात टीएसएच (थायरॉइड मंदावली की वाढणारं हार्मोन) 9 म्हणजे वाढलेला आला आणि थायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी सुरू झाली. कॉर्टिसोल कमी असलं की टीएसएच नुसता त्यामुळेच वाढलेला दिसू शकतो. वर थायरॉक्सिन दिलं की शरीर उरलंसुरलं कॉर्टिसोलही लवकर संपवतं. दहाव्या दिवशी उलट्या, पोटात कळा, तात्या बरळायला लागले. सोडियम 121 इतकं खाली, पोटॅशियम 5.9 इतकं वर. आधी कॉर्टिसोलची भरपाई करणारं स्टिरॉइड, मग लागलंच तर थायरॉक्सिन, हा क्रम मोडायचा नाही. स्टिरॉइडवर तात्यांचा टीएसएच दोन महिन्यांत आपोआप खाली आला.

बेळगावात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, सांधेदुखीची पुडी वगैरे घेता का?" प्रश्न मार्मिक होता. अशा पुड्यांत लपवलेलं स्टिरॉइड असलं की तीही अचानक बंद केल्यावर बरंचसं असंच चित्र दिसतं, पण कातडी काळी होत नाही. पुडी नव्हती. रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड शिरेतून, सोबत पहिल्या तासात एक लिटर सलाईन. माणूस खचत असताना तपासणीसाठी थांबायचं नसतं.

रुग्ण स्थिर असेल तर मात्र कॉर्टिसोलचं रक्त सकाळी आठच्या सुमारासच द्यावं. दुपारी ते निरोगी माणसातही उतरलेलं असतं. तीन मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर निदान जवळजवळ पक्कं, पंधराच्या वर गेलं तर बहुधा हा आजार नाही, अधेमधे आलं तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा रक्त. तात्यांचं 2.1 होतं, तेही इतक्या आजारपणात, जेव्हा ते भरपूर वाढायला हवं. एसीटीएचच्या नमुन्याची गंमत वेगळी. जांभळ्या टोपणाची थंड केलेली नळी, लगेच बर्फात, आणि लवकर थंड सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून वेगळं करणारं मशीन. गावच्या लॅबमधून पिशवीतून बसने पाठवलेला नमुना वाटेतच खराब होतो आणि खोटा कमी येतो. हे रक्त जिथं मशीन आहे तिथंच जाऊन द्या.

सीटीत दोन्ही ग्रंथी सुजलेल्या निघाल्या. इथं टीबी धरून गोळ्या सुरू करायचा मोह होतो. पण हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी हुबेहूब असंच करते आणि तिचं औषध निराळं. एचआयव्ही आणि साखर तपासली, मेटानेफ्रिन तपासून त्या ग्रंथीची बीपी उसळवणारी गाठ नाही याची खात्री केली, मग सुईने तुकडा काढला. आत जाण्यापूर्वी मी एकच गोष्ट दोनदा विचारली: बाटल्या दोन आहेत ना? एक फॉर्मेलिनची, एक साध्या सलाईनची. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडला की जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. आमच्या सलाईनच्या बाटलीतून सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय चाचणीत टीबी निघाला.

टीबीच्या सरकारी गोळ्या वजनावर असतात: 35 ते 49 किलोला रोज तीन. त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला स्टिरॉइड झपाट्याने नष्ट करायला लावतं. एरवी हायड्रोकॉर्टिसोनचे दिवसाचे तीन डोस, 10-5-5 मिलिग्रॅम, पुरले असते. तात्यांना 20-10-10 लागलं. हा डोस आधी वाढवला नाही तर टीबीची गोळी पोटात गेल्यावर काही दिवसांतच रुग्ण पुन्हा आडवा होतो, आणि घरचे म्हणतात गोळ्या सोसल्या नाहीत. रिफाम्पिसिन संपलं की दोनेक आठवड्यांनी डोस डॉक्टरांना विचारून परत खाली आणायचा. पहिली गोळी डोळे उघडताच, चहाच्या आधी. शेवटची पाचच्या आत, नाहीतर झोप नाही. सोबत शरीरात मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोन 0.1 मिलिग्रॅम सकाळी. ती आमच्या तालुक्याच्या मेडिकलात मिळत नाही, म्हणून बेळगावहून दोन महिन्यांची एकदम आणतो. टीबी संपला तरी ग्रंथी बहुधा परत उभ्या राहत नाहीत. या गोळ्या जन्माच्या. एकादशीला तात्या उपास करतात, पण गोळी आणि मिठाचं ताक चुकवत नाहीत.

ताप 38 अंशांच्या वर गेला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, 39 च्या वर तिप्पट, उतरेपर्यंत. गोळी उलटून पडायला लागली की इंजेक्शन. 100 मिलिग्रॅमची पावडरची कुपी, 2 मिली इंजेक्शनचं पाणी, साफ विरघळेपर्यंत हलवायचं, मांडीच्या बाहेरच्या अंगाला मधोमध स्नायूत टोचायचं, मग दवाखाना गाठायचा. काकूंना हे नर्सबाईंनी संत्र्यावर शिकवलं. जांबोटीकडच्या पावसात ओढ्याला पाणी आलं की 108 पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्या कुपीचा.

खिशात कार्ड आहे, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत: स्टिरॉइडवर अवलंबून, बंद करू नका, बेशुद्ध असल्यास आधी हायड्रोकॉर्टिसोन 100. कन्नड ओळ शेजारच्या शाळेतल्या बाईंनी लिहून दिली, कारण रात्री ॲम्ब्युलन्समधला माणूस मराठी वाचेलच असं नाही. कुप्या दोन, डबा देवळीत, झाकणावर एक्सपायरीची तारीख मार्करने. पहिल्या दोन कुप्या न वापरताच मुदत संपून बदलाव्या लागल्या, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.