सिंगापुरातला दिवसभराचा थांबा, सासूबाईंना घेऊन

धाकट्या दिरांकडं मेलबर्नला जायचं ठरलं, तेव्हा तिकिटांचे दोन पर्याय होते. एकात सिंगापूरला दोन-अडीच तासांत विमान बदलायचं, दुसऱ्यात सकाळी उतरून रात्री पुढं निघायचं. दुसरं बऱ्यापैकी स्वस्त. नवरा म्हणाला, "आईला दिवसभर विमानतळावर बसवून ठेवणार काय?" म्हटलं, बसवून कशाला ठेवायचं? बाहेर नेते की.

कोल्हापूरकरांचा परदेश प्रवास मुंबईला सुरू होत नाही. आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, मग दिवसभर नणंदेकडं मुक्काम, मग रात्रीचं विमान. सिंगापूर येईपर्यंत दोन रात्री धड झोप नसते. म्हणून माझं गणित साधं होतं: एक अंघोळ, एक पोटभर जेवण, एक डुलकी आणि बाहेरचं एकच ठिकाण. आठ तासांत अख्खं सिंगापूर दाखवणारे व्हिडिओ पंचविशीतल्या पोरांसाठी असतात. पासष्टी ओलांडलेले गुडघे सोबत असले की ते बघूच नयेत.

बाहेर पडता येतं का, हाच मुळात पहिला प्रश्न. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान अशा काही देशांपैकी एकाचा व्हिसा असेल, त्याची मुदत निदान महिनाभर उरलेली असेल, तुम्ही तिसऱ्या देशाला जाता-येता थांबत असाल आणि पुढचं तिकीट पक्कं असेल, तर 96 तासांपर्यंत व्हिसाविना राहता येतं. सिंगल एन्ट्री व्हिसावाल्यांनी मात्र नियम नीट वाचावेत, तिथं वेगळी मेख आहे. आणि सोडायचं की नाही, हे शेवटी तिथला अधिकारीच ठरवतो. शिवाय एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात उतरणाऱ्यांचा माहितीचा फॉर्म, ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचायच्या तीन दिवसांच्या आत. ते फुकट असतं. कुणी त्याचे पैसे मागत असेल, तर ती साइट सरकारी नव्हे.

बाकीची तयारी घरीच केली. बँकेच्या ॲपमधून कार्डाचे परदेशातले व्यवहार आणि टॅप, म्हणजे कार्ड नुसतं टेकवून पैसे भरणं, चालू केले. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमापासून नव्या कार्डांवर हे बंदच येतं. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर घेतली, म्हणजे बॅगा परस्पर मेलबर्नला. तरी मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लावलेल्या पट्टीवर मेलबर्नचं 'एमईएल' आहे ना, ते वाकून वाचलं आणि दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पासही तिथंच मागून घेतला. हातातल्या पिशवीत बदलायचे कपडे, गोळ्या आणि भडंग. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. आईंच्या मनगटावरचं मात्र मी कोल्हापूरच्याच वेळेवर ठेवलं, बीपीच्या गोळीत घोळ नको म्हणून.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पैसे भरून अंघोळ करता येते. महाग वाटली, पण माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात शहाणा खर्च तोच. आई केस पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता कसं माणसात आल्यागत वाटतंय. चल, कुठं जायाचं?" साडेपाच तासांपेक्षा जास्त थांबा असलेल्यांसाठी तिथं फुकट सहलीची बसही असते, नाव नोंदवावं लागतं. आम्ही ती सोडली. बसमध्ये चढा-उतरा आणि दुसऱ्याच्या घड्याळावर चाला, हे आईंना जमलं नसतं.

हातातली जड बॅग सामानघरात टाकली आणि मेट्रो धरली. एक्स्पो स्टेशनला गाडी बदलून डाउनटाउन लाइननं थेट लिटल इंडिया. वेगळं तिकीट काढावं लागत नाही, बँकेचं कार्ड टेकवायचं; पण एका कार्डावर दोघी जात नाहीत, प्रत्येकीला आपलं हवं. सरकते जिने आपल्या मॉलपेक्षा चपळ आहेत, नऊवारीवाल्यांनी काठ सांभाळावा. आणि गाडीत खाणं-पिणं बंद, दंड होतो. भडंगाची पुडी मी आईंच्या हातून काढून घेतली.

सेरंगून रोडवरच्या वीरमाकाळीअम्मनच्या देवळात आधी गेलो, कारण दुपारी देवळं बंद असतात. आत गेल्यावर आईंनी पिशवीच्या तळातून खण काढला! मला पत्ताच नव्हता. "अंबाबाईच्या गावचं माणूस मोकळ्या हातानं जातंय व्हय?" पुजाऱ्यानं तो घेऊन देवीच्या पायाशी ठेवला, कुंकू दिलं. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण काही अडलं नाही.

मग टेक्का सेंटर. खाली बाजार आणि खाण्याचे गाळे, डोशापासून बिर्याणीपर्यंत सगळं. रिकाम्या टेबलांवर टिश्यूची छोटी पाकिटं ठेवलेली दिसतात. ती कुणी विसरलेली नसतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तसली ती जागा धरायची रीत आहे. आईंना हे लगेच पटलं. जेवून उठताना आपला ट्रे आपणच ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचा, 2021 पासून तिथं सक्ती आहे. आईंनी स्वतःचा ट्रे उचलला. घरी हे सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

बाहेर पडतो तोच पावसाची जोरदार सर. विषुववृत्ताजवळचं गाव, कधीही कोसळतो. छत्री होती म्हणून बरं, आणि आईंच्या पायात जुन्याच चपला होत्या म्हणून आणखी बरं. नवं कोल्हापुरी कातडं भिजलं असतं तर दिवसभर तोंड पाडून बसल्या असत्या.

वेळ मी रात्रीच्या विमानापासून उलटा मोजला होता: तीन तास आधी आत, त्याआधी तासभर विमानतळावरचा ज्युएल मॉल, त्याआधी तासभर मेट्रो. त्यामुळं मरीना बे राहिलं. राहू दे.

ज्युएल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणून आत जायच्या आधीच बघावं. 2019 मध्ये उघडलेल्या त्या काचेच्या घुमटातून 40 मीटरवरून पाणी पडतं. सकाळी लवकर गेलात तर पाणी सुरू नसतं. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लाईटबिल किती येत असंल गं?"

आत आल्यावर टर्मिनल तीनमधली फुलपाखरांची बाग बघितली, तीही भराभर, आणि आडवं होता येणाऱ्या फुकटच्या खुर्च्या शोधल्या. "तू फिर जा, मी बसतो हितंच," म्हणेपर्यंत आई घोरायला लागल्या. मी मोबाइलला गजर लावून शेजारीच पाय ताणले.

एक लक्षात ठेवा: टर्मिनल एक ते तीनमध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते. त्यामुळं भरलेली बाटली तिथं रिकामी करावी लागते, आणि गेट वाटतं त्यापेक्षा लांब असतं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन तासभर आधी निघालेलं चांगलं.

परतीच्या तिकिटावर थांबा जेमतेम तीन तासांचा आहे. तेवढ्यात बाहेर पडायच्या भानगडीत पडणार नाही. टर्मिनल दोन आणि तीनमधली स्कायट्रेन ज्युएलमधूनच जाते, धबधबा त्यातून बसल्या जागी दिसतो. व्हिसाचं जमत नसलेल्यांनीही तेवढं तरी करावं.