भर समुद्रात बोट बंद पडली तर पिण्याचं पाणी कसं पुरवायचं

मच्छीमार बोटीचं इंजीन बंद पडलं आणि वायरलेसवरही कुणी सापडेना, तर तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) सगळ्यात आधी पाणी मोजावं. माणशी दिवसाला अर्धा लिटर धरलं तर आठ खलाशांना ४ लिटर लागतं; २० लिटरचा जार पाच दिवस जातो. हे पाणी तीन वेळांत वाटायचं, घोट तोंडात घोळवून गिळायचा. लाइफराफ्टवर (जीव वाचवण्याच्या तराफ्यावर) पहिले २४ तास पाणी न देण्याचा नियम पाळतात, कारण शरीर तेव्हा भरलेलं असतं आणि वरून प्यालेलं बरंचसं लघवीतून जातं. जखमी आणि आजारी माणसाला मात्र लगेच द्यावं. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू होण्याआधीच घ्या. एका उलटीत दिवसाचं पाणी जाऊ शकतं.

आपल्या बोटींवर एक साठा हमखास विसरला जातो, तो म्हणजे बर्फ. मासळीच्या कप्प्यातला लादीचा बर्फ गोड्या पाण्याचा असतो. मासळीला न लागलेला बर्फ लगेच वेगळा काढा, गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि वितळलेलं पाणी गॅस असेतोवर उकळून प्या. मासळीखाली साचलेलं लाल पाणी नको, त्याने जुलाब लागतील.

दिवसा ताडपत्रीच्या सावलीत पडून राहा. कपडे समुद्राच्या पाण्याने ओले ठेवले की घाम कमी येतो. संध्याकाळच्या आत ते वाळवा, नाहीतर रात्री थंडी भरते.

पाणी कमी असताना मासे खाऊ नका, कप्पा भरलेला असला तरी. प्रथिनांतून तयार होणारा युरिया बाहेर टाकायला मूत्रपिंडाला जास्त पाणी लागतं. सुकट, लोणचं तर नकोच. गूळ, बिस्किटं चालतील.

पाऊस आला की पहिल्या सरीने ताडपत्रीवरचं मीठ धुऊन जाऊ द्या, चव घ्या, मगच भरा. डिझेलचा कॅन कितीही धुतला तरी वापरू नका.

समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. लघवीतून लिटरमागे जेमतेम २० ग्रॅम बाहेर पडतं, म्हणजे एक लिटर खारं पाणी पचवायला शरीर पावणेदोन लिटर पाणी गमावतं. गोड्या पाण्यात मिसळूनही ते पिऊ नये. रात्री कुणी चोरून पीत नाही ना, यावर आळीपाळीने पहारा ठेवा. खारं पाणी प्यालेला माणूस बरळू लागतो, पाण्यात उडी घेऊ शकतो. त्याच्या कमरेला दोर बांधा आणि एकाने त्याच्याजवळच बसावं.