साध्या ठोकळ्यांचा धंदा: आमची वाटचाल

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेच्या भागात तान्हा पोळा मोठा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे चाकांवरचे लाकडी नंदी ओढत निघतात, आणि त्यातले काही नंदी आमच्या घरचे असतात. आम्ही वाढई. बाबा आणि मोठेबाबा आजही सागवानावर पटाशी चालवतात. मी आणि माझा चुलतभाऊ मागच्या खोलीत संगणकावर खेळण्यांचे नमुने घडवतो.

सुरुवात गणपतीने झाली. झीब्रश या संगणकावर मूर्ती घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मूर्ती घडवायची, थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापून मूर्तिकाराला द्यायची, तो तिच्यावरून रबराचा साचा काढणार. काम चांगलं, पण पैसा वर्षातून एकदाच. फेब्रुवारी २०२० मध्ये आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची झाली. त्यानंतर नागपूरजवळच्या बुटीबोरीकडच्या डायवाल्यांमार्फत, म्हणजे प्लास्टिकचे साचे करणाऱ्यांमार्फत, आमच्याकडे विचारणा होऊ लागली. पहिलं मोठं काम आलं ते बंडीचं: लहान लेकरांसाठी प्लास्टिकची जाड, ठसठशीत बैलबंडी. बोलणी करताना गिऱ्हाईक म्हणालं, "ठोकळेच तर आहेत, गणपतीपेक्षा कमीच घ्याल ना?"

इथेच आमच्या धंद्याची खरी गोम आहे. गणपतीच्या पोटावर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कोणाला कळत नाही. बंडीची फळी तेवढी लहरली तर लांबून दिसते. मूर्तीला आम्ही डायनामेश वापरतो. त्यात सॉफ्टवेअर सगळ्या आकारावर सारख्या मापाची चौकोनी जाळी नव्याने विणतं, म्हणून माती ओढावी तसं कुठूनही ओढता येतं. पण त्या जाळीला कड कुठे आहे हे ठाऊकच नसतं. तिरपी कड तिच्यात सापडली की पायऱ्या पडतात किंवा ती बोथट होते. मग स्मूद ब्रश फिरवावा, तर शेजारची सपाट बाजूच डुगडुगते. रिझोल्यूशन कितीही वाढवा, पायऱ्या बारीक होतात, जात नाहीत.

म्हणून बंडी उलट्या वाटेने केली. झीमॉडेलर ब्रशने मोजकेच चौकोन घेऊन आधी ढाचा उभा करायचा आणि ज्या कडा टोकदार हव्यात त्यांना क्रीज लावायचं. क्रीज लावलेली कड उपविभागणीत, म्हणजे एकेका चौकोनाचे चार करत आकार गुळगुळीत करताना, गोल होत नाही. पुढचं पाऊल मला सगळ्यात आवडतं. क्रीजची पातळी दोन ठेवायची आणि उपविभागणी चारपर्यंत न्यायची. पहिल्या दोन फेऱ्यांत कड ताठ राहते, उरलेल्या दोन फेऱ्यांत तिला अगदी बारीक गोलाई येते. डोळ्याला कड धारदारच दिसते, हाताला मात्र लागत नाही.

हे मोठेबाबांना दाखवलं तेव्हा त्यांनी आधीची कोऱ्या धारेची प्रत हातात घेऊन विचारलं, "काऊन रे पोट्ट्या, लेकराच्या हाती द्याचं हाय ना हे? मंग कोर मोडली काऊन नाही?" रंधा मारल्यावर ते प्रत्येक कोरेवरून एक हलका हात फिरवतातच. खेळण्यांच्या भारतीय मानकात, आयएस ९८७३ मध्ये, धारदार कडांची वेगळी तपासणी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

चाकाने जास्त वेळ खाल्ला. आरा एकच घडवला आणि एकाच भागाच्या प्रती काढणाऱ्या अॅरे मेशने तुंब्याभोवती (चाकाच्या मधल्या भागाभोवती) बारा वेळा फिरवला. तुंब्याचं भोक लाइव्ह बुलियनने, म्हणजे एका आकारातून दुसरा वजा करून, पाडलं, कारण सपाट तबकडीत गोल भोक जाळीतूनच काढायला गेलं की भोवती सुरकुत्या पडतात. चकचकीत मॅटकॅप, म्हणजे पडद्यावर दिसणारी वरवरची झळाळी, लावून मॉडेल फिरवलं की अशा सुरकुत्या लगेच उघड्या पडतात. साध्या राखाडी रंगात त्या लपतात, म्हणून गिऱ्हाइकाला फोटो पाठवण्याआधी आमच्याकडे ही तपासणी होतेच. चाक मुद्दाम ४० मिलिमीटरचं ठेवलं. तीन वर्षांखालच्या लेकरांच्या खेळण्याचा सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नये.

त्यानंतर डायवाल्याची मागणी आली. उभ्या बाजूंना एक-दीड अंशाचा उतार हवा, नाहीतर माल साच्यातून सुटत नाही. म्हणजे जे काटकोन आम्ही जीव लावून साधले होते ते सगळे थोडे कलते करायचे! ढाच्यात चौकोन मोजके होते म्हणून ते निभलं. वरच्या कडांची पूर्ण ओळ निवडून थोडी आत घेतली की झालं. दाट जाळीच्या मॉडेलवर हेच करायचं तर नव्याने घडवावं लागलं असतं.

नमुने आम्ही पीएलएमध्ये छापतो. हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून किती तरी जास्त तापतं. म्हणून उन्हाळ्यातला माल पहाटेच निघतो, तोही थर्माकोलच्या पेटीत. लाइट जाते त्यासाठी प्रिंटरला वेगळा इन्व्हर्टर आहे. ही दोन खर्चाची कलमं शहरातल्या लोकांच्या हिशेबात नसतात, आमच्या दरात असतात.

गावातल्या आयटीआय झालेल्या दोन मुली आता आमच्याकडे काम करतात. त्यांना आम्ही आधी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकवलं. ते फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं, आणि क्रीज, बेव्हल (कोर मोडणं), बुलियन हे सगळं त्यातही आहे. दोघींना पहिले काही आठवडे हत्ती-वाघ करू दिले नाहीत. पेटी, पाट, पायली एवढंच. त्या कंटाळल्या, कुरकुरल्या, पण आज ट्रॅक्टरचं बोनेट माझ्यापेक्षा धाकटी चांगलं करते.

दराचं म्हणाल तर ठोकळ्याला आम्ही गणपतीहून कमी घेत नाही, उलट सुरकुत्यांचा हत्ती स्वस्त पडतो. दुसऱ्याचं खेळणं आणून "हेच जसंच्या तसं करून द्या" म्हणणाऱ्यांचं काम घेत नाही. सध्या ट्रॅक्टरची ट्रॉली डायवाल्याकडे गेली आहे, आणि बाबांच्या नंदीचा तुकड्या-तुकड्यांनी जुळणारा नमुना टेबलावर आहे. त्याचं वशिंड अजून बाबांना पसंत नाही.