तुम्ही विचारलंत म्हणून: दिव्यांग तिरंदाजांसाठी लक्ष्य जवळ आणतात का?

तिरंदाजीच्या स्पर्धांत पंच म्हणून काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा कौतुक असते, आणि म्हणूनच उत्तर देताना थोडे जपावे लागते; कारण त्या कौतुकाच्या पोटात असे गृहीत दडलेले असते की खेळ सोपा करून दिला असणार आणि तो सोपा केला म्हणूनच यांना जमतो. उत्तर 'नाही' असे आहे. पॅरालिम्पिकमध्ये किंवा जागतिक पॅरा तिरंदाजी स्पर्धेत रिकर्व्ह धनुष्याच्या (टोके बाहेर वळलेल्या साध्या धनुष्याच्या) खुल्या गटाचे, म्हणजे तुलनेने कमी शारीरिक मर्यादा असलेल्यांच्या गटाचे, लक्ष्य 70 मीटरवरच असते, त्याचा व्यास 122 सेंटिमीटर असतो आणि दहा गुणांचे वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचे असते. ऑलिम्पिकमध्येही हेच अंतर आणि हेच लक्ष्य असते. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्यासाठी अंतर 50 मीटर, लक्ष्य 80 सेंटिमीटरचे आणि दहाचे वर्तुळ 8 सेंटिमीटरचे. पात्रता फेरीत 72 बाण आणि जास्तीत जास्त 720 गुण, वैयक्तिक सामन्यात आळीपाळीने एकेका बाणाला 20 सेकंद, हे सगळे कोणत्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेसारखेच. अपवाद दृष्टिबाधितांचा. ते 30 मीटरवर, हाताला लागणाऱ्या स्पर्शदर्शकाच्या आधाराने बाण मारतात. मात्र त्यांचे गट जागतिक स्पर्धेत असले तरी पॅरालिम्पिकमध्ये नाहीत.

बदल होतात ते सगळे बाण मारण्याच्या रेषेच्या अलीकडे, म्हणजे धनुष्य धरायचे कसे, ओढायचे कसे आणि शरीर स्थिर ठेवायचे कसे, एवढ्यापुरते. कोणी चाकांच्या खुर्चीतून मारतो, कोणी स्टुलावर टेकून, कोणी कृत्रिम पायावर उभा राहून. एकच हात चालत असेल तर तिरंदाज प्रत्यंचेला बांधलेली पट्टी दातांत धरून ओढतो; बोटांची पकड नसेल तर धनुष्य हाताला बांधून घेतो. लक्ष्यापर्यंत जाऊन बाण उपटून आणणे ज्यांना शक्य नसते, त्यांच्यासाठी ते काम दुसरी व्यक्ती करते. यातले कोणते साधन कोणाला वापरता येईल हे वर्गीकरणाच्या (अपंगत्व तपासून गट ठरवण्याच्या) वेळी ठरते आणि तिरंदाजाच्या ओळखपत्रावर नोंदवले जाते. स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत आम्ही पंच तेच पाहतो: छातीभोवतीच्या पट्ट्याची नोंद आहे का, खुर्चीची पाठ बगलेच्या पुरेशी खाली आहे का, धनुष्य धरलेल्या हाताला खुर्चीच्या कोणत्याही भागाचा टेकू मिळत नाही ना. या तपासणीत दयाबुद्धीला जागा नसते, आणि तिरंदाजांनाही ती नको असते. आपल्या शेजारच्या खुर्चीची पाठ एका बोटाने उंच आहे, हे सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येते.

या बदलांचा अर्थ नीट कळायला मॅट स्टुट्झमन आणि शीतल देवी यांचे तंत्र पाहावे. दोघांनाही जन्मतः हात नाहीत. धनुष्य पायाने उचलून समोर धरायचे, प्रत्यंचा खांद्याला अडकवलेल्या साधनाशी जोडायची, पाय पुढे ढकलत धनुष्य पूर्ण ताणायचे आणि जबड्याच्या हालचालीने बाण सोडायचा, अशी ही रीत आहे. छायाचित्रकारांना त्यातला पाय दिसतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पाठ आणि कंबर यांचा ताबा, कारण एका पायावर बसल्या जागी धनुष्य तोलताना उरलेले शरीर हलू न देणे हेच खरे अवघड आहे. अमेरिकेच्या स्टुट्झमन यांनी 2012 मध्ये लंडनला रौप्यपदक मिळवले आणि 2024 मध्ये पॅरिसला सुवर्ण. पॅरिसच्या अंतिम सामन्यात त्यांचे गुण होते 150 पैकी 149. पंधरा बाणांत फक्त एकदा नऊ. अंतर आणि लक्ष्य तेच असल्यामुळे हा आकडा जगातल्या कोणत्याही कंपाउंड तिरंदाजाच्या आकड्याशेजारी सरळ मांडता येतो. जम्मू-काश्मीरमधील किश्तवाडच्या शीतलने त्याच पॅरिसमध्ये पात्रता फेरीत 703 गुण केले, तेव्हा ते आधीच्या विश्वविक्रमाच्या वर होते. पण त्याच फेरीत तुर्कीच्या ओझनुर क्युरे हिने 704 करून विक्रम आपल्या नावावर केला. पुढे वैयक्तिक सामन्यात शीतल एका गुणाने हरली आणि राकेश कुमारसोबत मिश्र दुहेरीत तिला कांस्यपदक मिळाले. 2025 मध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत तिने क्युरेला हरवून सुवर्ण घेतले.

नियमांतला खरा वादाचा भाग अंतर नसून वर्गीकरण आहे, आणि त्याबद्दल मला कोणीच विचारत नाही. आपले अपंगत्व 'पुरेसे' आहे की नाही हे खेळाडूला तज्ज्ञांसमोर स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल आणि तोल तपासू देऊन सिद्ध करावे लागते, आणि निकष बदलले की निर्णयही बदलू शकतो. ब्रिटनच्या डॅनिएल ब्राउन यांनी 2008 आणि 2012 अशा दोन पॅरालिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवले. मधल्या काळात, 2010 मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्या इंग्लंडच्या सर्वसाधारण संघातून खेळल्या आणि तेथेही सांघिक सुवर्ण जिंकल्या. 2013 मध्ये मात्र त्यांच्या अपंगत्वाचा तिरंदाजीवर पुरेसा परिणाम होत नाही असे ठरले आणि आंतरराष्ट्रीय पॅरा तिरंदाजीचे दार त्यांना बंद झाले. नियम काटेकोर हवेत हे मी पंच म्हणून मान्य करतो, पण दोन सुवर्णांनंतर असा निर्णय हाती पडणे मला कठोर वाटते.

'लक्ष्य तेच, अंतर तेच, तर मग वेगळी स्पर्धा हवी कशाला?' असा पुढचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. खुल्या गटातले काही जण दोन्हीकडे खेळलेले आहेत. न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल 1984 मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये खुर्चीतून खेळल्या, इराणच्या जहरा नेमाती 2016 मध्ये रिओला ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक अशा दोन्हींत उतरल्या. पण वेगळ्या स्पर्धेची गरज समजायला डब्ल्यू-1 हा गट पाहावा लागतो. मानेतला मणका दुखावण्यासारख्या कारणांनी पायांबरोबर हातांची आणि धडाची ताकदही गेलेले तिरंदाज या गटात असतात. धनुष्याचा ताण 45 पौंडांच्या आत असावा लागतो, कंपाउंड धनुष्य वापरले तरी दृश्य मोठे करून दाखवणारे भिंग चालत नाही, आणि गरज असेल तर बाण प्रत्यंचेला लावून देण्यासाठी मागे साहाय्यक असतो. धड स्वतःहून सावरत नसल्याने ताणलेले धनुष्य शरीरालाच पुढे खेचते, म्हणून हे तिरंदाज प्रत्येक बाणासाठी तोल नव्याने साधतात. तरीही 50 मीटर हे अंतर कमी होत नाही. या तिरंदाजांना इतरत्र कोठेही समान पातळीवरचा प्रतिस्पर्धी मिळणार नाही. दूरचित्रवाणीवर त्यांचे सामने क्वचितच दाखवतात. तुम्हाला एकच सामना पाहायचा असेल, तर मी या गटाचा सुचवेन.